देवरावभाऊंच्या केकला करवत

आलापल्लीत केक म्हणजे गिरजा आणि गिरजा म्हणजे केक, असं सगळ्या गावाचं मत आहे, असं गिरजाचं मत होतं. सहा वर्षं तिने ते निष्ठेने जपलं होतं. आणि अगदीच खोटं नव्हतं ते! तिच्याआधी इथे कुणाचा वाढदिवस आला की केक चंद्रपूरहून एसटीने यायचा, कुणाच्या तरी मांडीवर बसून. गोंडपिपरीपर्यंत त्यावरचं नाव खोक्याच्या झाकणाला चिकटलेलं असायचं. घरी आल्यावर आधी झाकण चाटायचं आणि मग केक कापायचा, अशी पद्धतच पडून गेली होती. ही पद्धत गिरजाने मोडली. केकच्या पिठात ती भाजलेली चारोळी घालायची, आणि तिच्या केकचा तुकडा खाल्लेला माणूस दुसरा तुकडा मागितल्याशिवाय खुर्चीवरून उठायचा नाही.

आता केक जरा एका बाजूला कलायचा, हे खरं आहे. थर गरम असतानाच कापायची घाई, त्यामुळे क्रीममध्ये चुराही यायचा. पण कुणी म्हणालं, "वयनी, इकडून थोडा उतार दिसते," तर गिरजा शांतपणे सांगायची की उतार टेबलाला आहे. आणि चुरा? ती डिझाइन आहे. दुसरा केक धड पोहोचलेला पाहिलेलाच नसल्यामुळे लोक मान डोलवायचे.

मग दीड वर्षापूर्वी आदेशचं लग्न झालं आणि भाग्यश्री आली.

आदेश म्हणजे गिरजाचा चुलत दीर. दोन्ही घरांची भिंत एक, मागचं अंगण एक, धुण्याचा दगड एक. अशा ठिकाणी नवी जाऊ यावी, ती चंद्रपूरची असावी, इथपर्यंतही गिरजाने चालवून घेतलं असतं. पण ती केकचा कोर्स करून आली होती. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलं होतं, तेही नेमकं गिरजाच्या घराकडच्या भिंतीवर. खिळा ठोकला तेव्हा इकडे गिरजाच्या भिंतीचं प्लास्टर पडलं. तेव्हापासून गिरजाच्या मनात जे काही पडलं ते पुन्हा लिंपलं गेलं नाही.

भाग्यश्रीचे केक सरळ असत. नुसते सरळ नव्हेत, ओळंबा लावून बांधलेल्या भिंतीसारखे. कड अशी की बोट फिरवलं तर कापेल. क्रीममध्ये चुऱ्याचा कण सापडायचा नाही. त्यात ती स्वभावाने गोड होती, आणि हे सगळ्यात वाईट होतं. भांडकुदळ असती तर गिरजाला केवढा आधार झाला असता! प्रत्येक केकचा एक तुकडा ती वाटीत घालून आणायची आणि म्हणायची, "ताई, चव पाहून सांगा ना, तुमच्या हातासारखी नाई येत."

गिरजा तो तुकडा तपासणीसाठी म्हणून खायची. मग नवऱ्याला, निकेशला, कोरडा आहे म्हणून सांगायची आणि त्याच्या वाट्याचाही तपासून टाकायची. निकेशचं चौकात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिन बोलत असताना आपण बोलू नये हे त्याला कळत होतं.

आगीत तेल ओतायला सासूबाई होत्याच. अंजनाबाई रोज संध्याकाळी अंगणात बसून, अगदी निरागसपणे म्हणायच्या, "आदेशच्या बायकोचा केक पाह्यला काय? जसा काही साच्यातून काढला." गिरजाच्या हातातलं जे भांडं असेल ते त्या वेळी जरा मोठ्याने खाली ठेवलं जायचं. ती जळत होती. सरळ सांगायचं तर सकाळी उठल्यापासून जळत होती, आणि आलापल्लीच्या उन्हाळ्यात ती ऊब वेगळी मोजावी लागत नव्हती इतकंच.

शेवटी तिने ठरवलं, की हिची युक्ती काय आहे ते शोधून काढायचं. विचारलं असतं तर भाग्यश्रीने पाट मांडून बसवून शिकवलं असतं. पण विचारायचं म्हणजे हरायचं! त्यापेक्षा चोरून पाहिलेलं बरं. भाग्यश्रीच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडासमोर उघडायची. त्यामुळे गिरजाचं धुणं वाढलं. निकेशचा निळ्या चौकड्यांचा एक शर्ट त्या महिन्यात अकरा वेळा धुतला गेला. धुवून, वाळवून, घडी घालून ठेवलेला शर्ट ती परत बाहेर काढायची आणि खिडकीत ट्यूब लागली की दगडावर घेऊन बसायची.

आणि एक दिवस तिला गुपित सापडलं. भाग्यश्रीने फ्रीझर उघडला, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेले केकचे थर बाहेर काढले आणि ओट्यावर ठेवले. टक्क आवाज झाला. केकचा, आणि टक्क! थर गोठवलेले होते. तिने लांब सुरीने त्यांचे वरचे फुगवटे काढले, एक कण सांडला नाही. एकावर एक थर रचून तिने वर क्रीमचा पातळ हात दिला. लावता लावता क्रीम घट्ट होत होती. कडा सरळ, कोपरे टोकदार. ते पाहून गिरजाच्या पोटात असं काही दुखायला लागलं, की पुढचं पाहवेना. ती शर्ट पिळून घरात निघून आली. गोठवायचं, बस्स. एवढंच तर होतं! एवढ्यासाठी फ्रेम!

आता संधी हवी होती, आणि ती स्वतःच्या पायाने अंगणात आली.

सरकारी लाकूड डेपोत गडचिरोलीहून नवीन बदलून आलेला पवन नावाचा कारकून दोन्ही घरांच्या मधोमध उभा राहून इकडेतिकडे पाहत होता. गिरजा पडवीत तांदूळ निवडत होती.

"भाग्यश्री वयनींचं घर हेच काय जी? केक पाह्यजे होता."

गिरजाच्या हातातला खडा हातातच राहिला. भाग्यश्री घरात होती, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. गिरजा म्हणाली, "मंग बसा ना जी."

ती खोटं बोलली नाही, हे लक्षात घ्या. नंतरच्या आठवड्यात तिने स्वतःला हे पुष्कळ वेळा बजावलं. ती फक्त बसा म्हणाली. पवन बसला, पाणी प्यायला, आणि ऑर्डर सांगून गेला. डेपोच्या आरा मशीनवरचे देवराव मिस्त्री छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मेअखेरीला निवृत्त होत होते. देवरावभाऊ ह्याच गल्लीतले, त्यामुळे सगळ्या गल्लीला कार्यक्रमाचं बोलावणं होतं. डेपोतल्या लोकांना सागाच्या ओंडक्यासारखा केक हवा होता. बाजूने चॉकलेटची साल, माथ्यावर वर्षांच्या छत्तीस रिंगा.

गिरजाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सगळी गल्ली खुर्च्यांवर, मधोमध ओंडका, सरळ, ताठ, उताराचं नाव नाही. कुणीतरी विचारतं, कुणी केला? आणि ती हळूच उठते. भाग्यश्री मागच्या ओळीत. पहिल्या ओळीत सासूबाई.

तिने पाच थर भाजले, चारोळी नेहमीपेक्षा मूठभर जास्त घालून. घरचा फ्रीझर म्हणजे बर्फाचे दोन ट्रे आणि सासूबाईंची औषधं. शिवाय वीज केव्हा जाईल नेम नाही. म्हणून ती बसस्टँडजवळच्या सोमाजीच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात गेली. त्याच्याकडे डीप फ्रीझर होता आणि जनरेटरही. सोमाजीने कुल्फीची खोकी सरकवून तळाशी जागा करून दिली. भाग्यश्री थर एक दिवस ठेवत असेल तर गिरजाने तीन दिवस ठेवले. चांगली गोष्ट तिप्पट केली की तिप्पट चांगली होते, असा तिचा साधा हिशेब होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी थर बाहेर निघाले. वा! सुरी फिरली आणि थर सपाट झाले. चुरा नाही. पाच थर एकावर एक चढले आणि खांबासारखे उभे राहिले. तिने क्रीम लावली, चॉकलेटची साल काट्याने ओरखडून खडबडीत केली, छत्तीस रिंगा मोजून काढल्या आणि डेपोतल्या मालावर घालतात तसा नंबरही घातला. एवढं सुरेख काम तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. ते पाहून तिला आनंद झाला, पण त्याहून जास्त, आता भाग्यश्रीला कसं वाटेल ह्याचा झाला. अगदी पाहिलं तर माथा डाव्या बाजूला किंचित उतरता होता. पण साग तरी कुठे एवढा सरळ असतो!

बाहेर पंचेचाळीस डिग्री. क्रीम वितळेल ह्या भीतीने तिने तो अख्खा ओंडका परत सोमाजीच्या फ्रीझरच्या तळाशी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कार्यक्रम सुरू व्हायला पंधरा मिनिटं असताना, निकेशने तो ऑटोतून आणला आणि चादरीखाली झाकून मंडपात टेबलावर ठेवला.

मंडपात कूलर चालू होते आणि ते गरम हवा जोरात फेकत होते. भाषणं झाली. देवरावभाऊंना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि डेपोतर्फे भेट म्हणून रंगीत कागदात गुंडाळलेली पितळी मुठीची कोरी हातकरवत मिळाली. ती घेताना भाऊंचे डोळे भरून आले. मग पवनने चादर काढली.

मंडपातून एकदम आवाज उठला. पुढचे लोक उभे राहिले, मागचे खुर्च्यांवर चढले. देवरावभाऊ ओंडक्याभोवती एक चक्कर मारून आले, बोटांनी हवेतल्या हवेत गोलाई मोजली आणि माथ्यावर टिचकी मारली. टण्ण आवाज आला.

"पक्का माल आहे," भाऊ समाधानाने म्हणाले.

गिरजाने पदर सावरला. आता. आता विचारतील. आणि पवन माइकवर म्हणाला, "हा एवढा सुंदर केक बनवला आहे आपल्याच गल्लीतल्या भाग्यश्री वयनींनी. टाळ्या!"

गिरजाच्या डोळ्यांसमोर मंडप फिरला. ही बाजू तिच्या लक्षातच आली नव्हती! पवन सांगताना अगदी प्रेमाने गिरजाकडेच बघत होता. पण बायकांनी तोवर मागच्या ओळीतल्या भाग्यश्रीला धरून उभं केलं होतं. पवनने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पण माइकवरून चुकलो म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून तो आणखी जोरात टाळ्या वाजवू लागला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, मी म्हटलं नव्हतं, साच्यातून काढल्यासारखा असते म्हणून.

हे सहन करायला गिरजा काही संत नव्हती. जे व्हायचं ते होवो, केक माझा आहे, असं ठणकावून सांगायला ती उठली. अर्धी उठली. त्याच वेळी देवरावभाऊंनी सुरी घातली आणि सुरी वाकली.

गिरजा परत बसली.

भाऊंनी दुसरी सुरी मागवली. तिचं टोक माथ्यावरून घसरून टेबलात रुतलं. पवनने दोन्ही हातांनी जोर लावला तर टेबल सरकलं, केक जसाच्या तसा. पुरुषांच्या बाजूला निकेश काहीतरी सांगायला म्हणून उठत होता, त्याला गिरजाने एका नजरेत खाली बसवलं. लोक हसायला लागले. केक आहे का लाकडाचा नमुना, असं कुणीतरी म्हणालं. चंद्रपूरचा कोर्स असाच असते, असं दुसरं कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना भाग्यश्रीकडे वळल्या.

आणि काय सांगू, गिरजाला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, पण आधी बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा त्या पोरीचं काहीतरी वाकडं झालं होतं. तिचं नव्हतं ते, पण झालं होतं.

भाग्यश्री टेबलाजवळ गेली. तिने केककडे नीट पाहिलं. एका बाजूने साल जरा उडाली होती आणि आतून भाजलेली चारोळी डोकावत होती. मग तिने मान तिरकी करून माथ्यावरचा डावीकडचा तो किंचित उतार पाहिला. तिने वळून गिरजाकडे पाहिलं. गिरजा मंडपाच्या बांबूंच्या गाठी मोजत होती.

आता सांगेल, हा माझा नव्हे. आता सगळं उघडं होईल. पवन आपल्याकडे बोट दाखवेल. ऑर्डर कशी घेतली ते सगळ्या गल्लीला कळेल आणि सहा वर्षांचा केक एका संध्याकाळीत संपेल.

"जरा जास्त गोठला जी," भाग्यश्री भाऊंना म्हणाली. "माफ करा. थोडा वेळ थांबा, मंग कापा."

माझा नव्हे, असं ती म्हणालीच नाही! पण डेपोच्या साहेबांना अहेरीला जायचं होतं आणि देवरावभाऊंना थांबायचं नव्हतं. छत्तीस वर्षांत कुठल्याही ओंडक्यापुढे त्यांनी हात टेकले नव्हते, ते आज निरोपाच्या दिवशी टेकणार होते थोडेच! त्यांनी शाल टेबलावर अंथरली, केक तिच्यावर आडवा केला, पवनला एक टोक दाबून धरायला सांगितलं आणि कोरी करवत कागदातून काढली.

"आडवाच कापू. रिंगा दिसल्या पाह्यजे," ते म्हणाले.

खर्र, खर्र, खर्र. करवतीखालून शालीवर पांढरा भुसा पडू लागला. भाऊंनी सवयीने चिमूटभर भुसा उचलून बोटांत चोळला, वास घेतला, आणि तोंडात टाकला. करवत थांबली. त्यांनी दुसरी चिमूट घेतली. मग पवनला दिली. मग साहेब पुढे आले. मग रांगच लागली. मेअखेरीची ती संध्याकाळ, अंगाची लाही झालेली, आणि तोंडात बर्फासारखा गार, चारोळीचा, गोड भुसा! भुसा संपला तेव्हा चकत्या आल्या. एकेक गोल, सपाट, कडेला साल, मधे चारोळीचे ठिपके. लोक चकती आधी गालाला लावत होते, मग कपाळाला, आणि मग कुल्फीसारखी चाटत होते. साहेबांची गाडी थांबली ती थांबलीच.

पाच मिनिटांत भाग्यश्रीभोवती गर्दी झाली. असा केक आयुष्यात खाल्ला नाही म्हणे. एकीला लेकीच्या साखरपुड्याला असाच पाहिजे होता, एकाला दुकानाच्या उद्घाटनाला. करवत आम्ही आणतो, तुम्ही फक्त केक आणा.

गिरजाच्या हातातली चकती वितळून कोपरापर्यंत ओघळत होती. माझी चारोळी. माझा हात. माझ्या रिंगा. ती दुसऱ्यांदा अर्धी उठली. पण काय म्हणणार होती? सुरी वाकली तेव्हा कुठे होतीस, असं कुणी विचारलं असतं तर? ती तशीच अर्धी उभी, अर्धी बसलेली राहिली. असा हेवा तिला कधीच वाटला नव्हता, कारण ह्या वेळी तिला स्वतःच्याच केकचा हेवा वाटत होता.

तेवढ्यात भाग्यश्रीचा आवाज आला.

"ऐका ना जी. हा केक माहा नाई. गिरजाताईंचा आहे. चारोळीवरून समजलं नाई काय तुमाले?"

टाळ्या पडल्या. ऑर्डरवाले सगळे इकडे वळले. देवरावभाऊंनी स्वतः येऊन हात जोडले. पवनने सुटकेचा श्वास सोडला. गिरजाला जे हवं होतं ते सगळं मिळालं. सगळी गल्ली, मधोमध ओंडका, पहिल्या ओळीत सासूबाई. आणि सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मन पाहा किती मोठं आहे त्या पोरीचं!"

चांगुलपणातही तीच पुढे. गिरजाला घरी जाईपर्यंत ठेच दोनदा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात आली. सवयीने हातात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. काय बोलायचं ते तिने चुलीपाशी घोकलं होतं. पवन तुझ्याकडेच आला होता, मी त्याला बसवून घेतला, आणि युक्तीही तुझ्याच खिडकीतून चोरली. खिडकीत भाग्यश्री थरांना क्रीम लावत होती. गिरजाने खाली पाहत एका दमात सगळं सांगून टाकलं.

भाग्यश्रीचा हात थांबला नाही. "मले माहीत होतं ताई," ती म्हणाली. "म्हणून तर मी खिडकी उघडी ठेवत होती. तुम्ही तोंडानं विचारत नव्हत्या, अन् मले शिकवू का म्हणायची हिंमत होत नव्हती. पण तुम्ही दरवेळी अर्ध्यातूनच निघून जाता. पातळ हात दिल्यावर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रातभर ठेवा लागते. आतला बर्फ सुटते, वरची क्रीम मंग लावायची. तेवढंच राहून गेलं तुमचं."

गिरजाने मान वर करून खिडकीतल्या केककडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर ती कड होती, ओळंबा लावल्यासारखी, आणि पोटात पुन्हा तीच कळ उठली.

"या ना आतमंधी," भाग्यश्री म्हणाली. "अन् तो शर्ट राहू द्या आता. भाऊजी परवा म्हणत होते, पाठीवर पार विरला म्हणून."